फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी समोर ठेवून औषधांचा खर्च कसा तपासायचा

घरात बीपी-शुगरचं कोणी असलं की महिन्याचं औषधांचं बिल ठरूनच जातं. मेडिकलवाला विचारतो "नेहमीचंच ना?", आपण हो म्हणतो, पिशवी घेतो, स्कॅन करून पैसे देतो आणि घरी येतो, त्या पिशवीत नेमकं काय आहे, कुठली गोळी कशासाठी आहे, तीच गोळी दुसरीकडे कितीला मिळते, हे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. हे बघायला डॉक्टर व्हावं लागत नाही. एक दुपार, एक वही आणि मोबाइल पुरतो. पण सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगते, हा लेख स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी नाही. खर्च ठरतो तो डॉक्टर चिठ्ठी लिहितात त्या क्षणी, त्यामुळे सगळी तयारी करायची ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये नीट चार प्रश्न विचारता यावेत म्हणून. मेडिकलच्या काउंटरवर घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी सगळं एका जागी आणा

मागच्या वर्षभरातल्या जेवढ्या चिठ्ठ्या सापडतील तेवढ्या काढा. केस पेपर, बिलं, आणि आत्ता चालू असलेल्या प्रत्येक गोळीची स्ट्रिप. स्ट्रिप महत्त्वाची, कारण चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तरी स्ट्रिपवर सगळं छापलेलं असतं. गोळ्या कापताना बरेच जण नाव आणि किंमत असलेला तुकडाच आधी कापून टाकतात, इथून पुढे तो भाग शेवटपर्यंत ठेवायचा.

तुमचे डॉक्टर स्वतःच गोळ्या देत असतील, म्हणजे तपासणी फी आणि तीन दिवसांच्या पुड्या मिळून एकच रक्कम घेत असतील, तर काम थोडं अवघड आहे कारण पुडीवर नाव नसतं. गावाकडे आणि शहरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये ही पद्धत अजून भरपूर आहे आणि ती बेकायदा नाही, डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देऊ शकतात. पण काय दिलं ते विचारायचा हक्क तुम्हाला आहे. "डॉक्टर, ह्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून द्याल का, आईला दुसऱ्याही गोळ्या चालू आहेत म्हणून विचारते" एवढं म्हटलं तरी बहुतेक जण लिहून देतात. आणि आपल्या उपचारांचे कागद मागितले तर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात, हा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतलाच नियम आहे.

चिठ्ठी वाचायला शिका

चिठ्ठीवर साधारणपणे ब्रँडचं नाव असतं, त्यापुढे एक आकडा, मग १-०-१ असं काहीतरी, मग किती दिवस. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज लागली तरच. ह्या एसओएसकडे नीट बघा, कारण गरज लागली तरच घ्यायची दुखण्याची गोळी वर्षभर रोज घेणारी माणसं मी बघितली आहेत. एकदा लिहिलेलं पुढे चालूच राहतं, कोणी थांबवत नाही.

आता स्ट्रिप उलटी करा. ब्रँडच्या नावाजवळ औषधाचं खरं नाव असतं, त्यालाच जेनेरिक नाव म्हणतात. ते ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम २०१८ पासून आहे, त्यामुळे पूर्वीसारखं भिंग घेऊन बसावं लागत नाही. नाव, त्यापुढे किती एमजी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्सपायरी, आणि एमआरपी, जी सगळे टॅक्स धरून असते. जास्त खपणाऱ्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही असतो, त्यातून कंपनी आणि बॅच कळते. डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही.

ब्रँडच्या शेपटीला जी अक्षरं असतात ना, एच, एएम, सीटी, डीएसआर, एलबी, फोर्ट, प्लस, तिथे बराचसा खर्च दडलेला असतो. बीपीच्या गोळीमागे एच असला की आत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन, एएम म्हणजे अॅम्लोडिपिन. ॲसिडिटीच्या गोळीमागे डीएसआर म्हणजे पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलबरोबर मळमळ थांबवणारं डोमपेरिडोन घातलंय. अँटिबायोटिकमागे सीव्ही म्हणजे क्लॅव्युलॅनिक ॲसिड, एलबी म्हणजे लॅक्टोबॅसिलस. एसआर, एक्सआर, ईआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, ती तोडायची किंवा चावायची नसते, आणि तिच्या जागी साधी गोळी चालत नाही. दोन गोळ्यांची नावं सारखी वाटली तरी शेपटी वेगळी असेल तर औषध वेगळं आहे असंच धरून चाला.

वहीत मांडा, आणि भाव गोळीचा काढा, स्ट्रिपचा नको

प्रत्येक औषधासाठी एक ओळ. जेनेरिक नाव आणि एमजी, ब्रँड, कशासाठी, कोणी आणि कधी सुरू केलं, दिवसाला किती, एका गोळीचा भाव, महिन्याचा खर्च. बास. "कशासाठी" आणि "कोणी सुरू केलं" हे रकाने लोकांना फालतू वाटतात पण नंतर सगळ्यात जास्त तेच कामाला येतात, कारण फॅमिली डॉक्टर, हार्टवाले, हाडवाले आणि डोळेवाले अशा चार ठिकाणी जाणाऱ्या माणसाकडे एकच औषध दोन ब्रँडने चालू असणं अजिबात दुर्मीळ नाही.

भाव गोळीमागे काढायचं कारण म्हणजे स्ट्रिप दहाचीच असते असं नाही, १४ ची असते, १५ ची असते, २० ची असते. समजा एक स्ट्रिप १९८ रुपयांची आहे पण १५ गोळ्यांची, आणि दुसरी १४५ रुपयांची दहाची, तर वरवर दुसरी स्वस्त वाटते, पण पहिलीची गोळी १३ रुपये २० पैशांना पडते आणि दुसरीची साडेचौदाला. सिरप असेल तर एमएलचा भाव काढा, इन्सुलिन असेल तर युनिटचा.

इन्सुलिनचं जरा सविस्तर सांगते कारण इथे चूक महागात पडते, पैशानेही आणि जिवानेही. आपल्याकडे साध्या व्हायलमधलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका एमएलमध्ये ४० युनिटचं असतं आणि पेनच्या काट्रिजमधलं १०० युनिटचं. ४० च्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज लागते, १०० ला केशरी टोपीची. सिरिंज चुकली तर डोस अडीचपट कमी-जास्त होतो. ह्यूमन इन्सुलिनची व्हायल पेनपेक्षा, त्यातही नवीन प्रकारच्या अॅनालॉग इन्सुलिनपेक्षा, बरीच स्वस्त पडते हे खरं, आणि डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं, पण पेनवरून व्हायलवर जाणं हे फक्त डॉक्टर किंवा नर्ससमोर बसून, सिरिंज हातात घेऊन शिकल्यावरच.

आता भाव ताडून बघा

दोन ॲप पुरतात. एक 'फार्मा सही दाम', हे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, म्हणजे एनपीपीएचं आहे. दुसरं 'जनऔषधी सुगम', त्यात जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, मिळणारी औषधं, त्यांचे भाव आणि जवळचं केंद्र दिसतं.

एनपीपीएचं काम थोडं समजून घेतलं तर आकडे डोक्यात बसतात. देशाची एक अत्यावश्यक औषधांची यादी आहे, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. त्या यादीतल्या औषधांना २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली कमाल किंमत ठरते. कशी, तर ज्या ब्रँडचा बाजारातला वाटा एक टक्का किंवा जास्त आहे त्या सगळ्यांची दुकानदाराला पडणारी किंमत घ्यायची, सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे. सरासरी पाच रुपये आली तर कमाल किंमत पाच रुपये ऐंशी पैसे, वर जीएसटी. म्हणजे ही किंमत बनवायला किती खर्च येतो त्यावर ठरत नाही, बाजारात जे भाव चालू आहेत त्यांचीच ती सरासरी आहे, म्हणून कमाल किमतीच्या आत असलेली गोळीसुद्धा जनऔषधीच्या मानाने कितीतरी महाग असू शकते. माझ्या मते ह्या पद्धतीत मोठी उणीव आहे आणि औषधांच्या हक्कासाठी काम करणारे कार्यकर्ते हे अनेक वर्षं सांगत आलेत. आणि जी औषधं यादीत नाहीत त्यांना सुरुवातीची किंमत कंपनी ठरवते, नंतर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा असते. बरीच कॉम्बिनेशन, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र घातलेल्या गोळ्या, ह्या दुसऱ्या गटात येतात. अॅम्लोडिपिन यादीत, टेल्मिसार्टन यादीत, पण दोन्ही एकत्र घातलेली गोळी आली की गणित बदलतं.

जुन्या बिलांशी तुलना करताना लक्षात ठेवा की २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

पेटंट, म्हणजे एकाच कंपनीचा ते औषध बनवायचा हक्क, संपलं की भाव कसा कोसळतो हेही बघण्यासारखं आहे. शुगरची सिटाग्लिप्टिन घ्या. २०२२ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधीत ५० एमजीच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा नावाजलेले ब्रँड त्याच्या अडीच-चारपटीने विकले जात होते. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, मूळ ब्रँडची गोळी साठ रुपयांच्या आसपास होती, काही दिवसांतच दहा रुपयांच्या आतल्या गोळ्या बाजारात आल्या. पण चिठ्ठीवर जुनाच ब्रँड असेल तर तुम्ही आजही जुन्याच भावाने घेत असाल. म्हणून ह्या नव्या जमान्यातल्या शुगरच्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, ज्यांच्या चिठ्ठीत आहेत त्यांनी पहिल्यांदा तीच ओळ तपासावी, सगळ्यात मोठी बचत बहुतेक तिथेच निघते.

जेनेरिकच्या नावाखाली मेडिकलमध्ये आणखी एक प्रकार मिळतो, त्याला ट्रेड जेनेरिक म्हणतात. कंपनी ह्याची डॉक्टरकडे जाहिरात करत नाही, थेट दुकानदाराला स्वस्तात देते, पण एमआरपी मात्र ब्रँडच्या जवळपास छापते. मग "५० टक्के सूट", "७० टक्के सूट" असे बोर्ड लागतात. सूट किती टक्के ते बघूच नका, शेवटी गोळी कितीला पडली ते बघा आणि सुगममधल्या भावाशी ताडा. जनऔषधीची औषधं डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं चांगल्या उत्पादन पद्धतीचं, मानांकन असलेल्या कारखान्यातून घेतात आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून मग केंद्रात येते. तरी कुणाला शंका असेल तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी जाहीर करते, त्यात आपल्या स्ट्रिपचा बॅच नंबर शोधता येतो. त्या यादीत महागडे ब्रँडही असतात, स्वस्त औषधंही असतात.

डॉक्टरांची लिहायची सवय ओळखा

इथपर्यंत एकेका गोळीचा भाव झाला. पण खरी गंमत वर्षभराच्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्यावर दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये दवाखान्यांतली औषधं कशी लिहिली जातात हे तपासायला पाच साध्या कसोट्या दिल्या. एका भेटीत सरासरी किती औषधं, किती औषधं जेनेरिक नावाने, किती भेटींत अँटिबायोटिक, किती भेटींत इंजेक्शन, आणि किती औषधं अत्यावश्यक यादीतली. संशोधक ह्यासाठी शेकडो चिठ्ठ्या घेतात, आपल्या घरच्या पंधरा-वीस चिठ्ठ्यांवरून डॉक्टर चांगला की वाईट असा निकाल कोणी लावू नये, पण आपल्या घराचा कल नक्की कळतो.

सर्दी-ताप-खोकल्याच्या भेटी वेगळ्या काढा. अशा किरकोळ आजाराला दोन औषधं पुष्कळ होतात. दर वेळी पाच असतील, म्हणजे तापाची, सर्दीची, अँटिबायोटिक, सुजेची आणि ॲसिडिटीची, तर विचारायला जागा आहे. साधी सर्दी व्हायरसमुळे होते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. अॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही दोन नावं घरातल्या चिठ्ठ्यांमध्ये किती वेळा आलीत ते मोजा, कारण डब्ल्यूएचओच्या वर्गवारीत ही दोन्ही जपून वापरायच्या गटात आहेत, तर अॅमॉक्सिसिलिन पहिल्यांदा वापरायच्या गटात. सेफिक्झिम तर एच-वन शेड्यूलमध्ये आहे, ते विकताना मेडिकलवाल्याला पेशंटची आणि डॉक्टरची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. सुजेची म्हणून जी सेराटिओपेप्टिडेज देतात, ती जपानमध्ये मूळ कंपनीनेच २०११ मध्ये बाजारातून काढून घेतली, आपल्याकडे अजून सर्रास लिहितात.

इंजेक्शन आणि सलाईनचा दोष एकट्या डॉक्टरांचा नाही, सुई दिली नाही तर पेशंटच दुसऱ्या दवाखान्यात जातो. अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावून घेणाऱ्यांनी बाटलीवरचा मजकूर वाचावा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० एमएल बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. उलट्या थांबत नसतील, तोंडाने पाणी जात नसेल, तर सलाईन जीव वाचवते. नुसत्या थकव्याला मात्र त्यात पाणी, मीठ, साखर ह्यापलीकडे काही नाही, आणि बिल किती होतं ते सगळ्यांना माहीतच आहे.

बीपी-शुगरच्या चिठ्ठीत दोन ओळींवर बोट ठेवा. एक, रिकाम्या पोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी. ती बहुतेक वेळा कधीतरी दुखण्याच्या गोळीबरोबर सुरू झालेली असते आणि मग दुखणं गेलं तरी ती राहते. काही लोकांना ती खरंच कायम लागते, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे किंवा अल्सर होऊन गेलेले, त्यांनी बंद करायचा विचारही करू नये, पण बाकीच्यांनी "ही किती दिवस घ्यायची आहे?" एवढं विचारावंच. दोन, शक्तीच्या गोळ्या. मल्टिव्हिटॅमिन, नसांची गोळी, अँटिऑक्सिडंट. स्ट्रिपवर औषधाच्या परवान्याऐवजी एफएसएसएआयचा नंबर असेल तर कायद्याने ते औषधच नाही, खाद्यपदार्थ आहे, आणि त्याला औषधांचं किंमत नियंत्रण लागू नाही. वहीत महिन्याचा खर्च मांडला की कित्येक घरांत बीपी आणि शुगरच्या मुख्य गोळ्यांपेक्षा ह्या शक्तीच्या गोळ्या महाग निघतात. ह्यात अपवाद बी-१२ चा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, त्यामुळे तपासणी करून कमी असेल तर ते घ्यायलाच हवं, पण मग नुसतं बी-१२ घ्यावं, सोबत दहा गोष्टी घातलेली कॅप्सूल कशाला.

कॉम्बिनेशनबद्दल एकच सांगते. सगळीच वाईट नसतात, दोन गोळ्यांऐवजी एक घेणं म्हाताऱ्या माणसाला सोपं जातं आणि गोळी चुकत नाही. पण सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ कॉम्बिनेशनवर बंदी आणली, म्हणजे काहीही एकत्र करून विकायचं प्रमाण किती होतं ते बघा.

आणि साध्या चिठ्ठीने काम होतं का, तर होतं. केंद्र सरकारचा बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम २०१७ पासून सुरू आहे, आपल्याकडे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. तिथल्या सरकारी दवाखान्यात अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ह्या तीन स्वस्त गोळ्यांवरच बहुतेक लोकांचं बीपी सांभाळलं जातं.

डॉक्टरांशी बोलायचं कसं

गर्दीच्या वेळी, संध्याकाळी आठला, बाहेर वीस माणसं बसलेली असताना वही उघडू नका. आधी कंपाउंडरला विचारून दुपारच्या वेळी जा, किंवा फॉलोअपच्या भेटीला. वही पूर्ण दाखवायची गरज नाही, त्यातून एका पानावर आत्ता चालू असलेली औषधं लिहून न्या आणि जास्तीत जास्त तीन ओळींवर खूण करा. सुरुवात खर्चापासून केली तरी चालते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. "डॉक्टर, महिन्याचा खर्च झेपत नाहीये, मध्येच गोळ्या सुटतात, ह्यातलं काही कमी किंवा स्वस्त होऊ शकेल का?" असं सरळ विचारलं की बहुतेक डॉक्टर लगेच पेन उचलतात, कारण गोळ्या मध्येच बंद पडणं हे त्यांनाही परवडत नाही. "तुम्ही कंपनीकडून कमिशन खाता का" असा सूर लावलात तर संवाद तिथेच संपतो, आणि वीस वर्षांचा फॅमिली डॉक्टर घालवून बसणं कुणाच्याच फायद्याचं नाही.

विचारायचे प्रश्न हे. ही गोळी अजून लागते का? ह्याच औषधाचं जेनेरिक चालेल का, आणि चालत असेल तर चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून द्याल का? ह्या नव्या गोळीऐवजी जुनी, स्वस्त गोळी माझ्या केसमध्ये चालण्यासारखी आहे का? दोन डॉक्टरांच्या चिठ्ठीत एकाच प्रकारचं औषध तर नाही ना?

ह्यातला जेनेरिक नाव लिहून घ्यायचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि सुरुवातीला काउंटरवर काही होत नाही म्हटलं ते ह्याचमुळे. औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर जो ब्रँड लिहिलाय त्याच्या जागी दुसरं काही, अगदी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं असलं तरी, मेडिकलवाल्याला स्वतःहून देता येत नाही. जनऔषधी केंद्रातही ब्रँडची चिठ्ठी नेली की अडचण येते ती ह्यानेच. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ च्या दुरुस्तीने जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं असं सांगितलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक सक्तीचे आणखी कडक नियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. डॉक्टरांचं म्हणणंही ऐकून घ्या, ब्रँड लिहिला नाही तर दुकानदार त्याला जास्त नफा असलेलं काहीही देईल ही त्यांची भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे कुठून घेणार तेही त्यांना सांगायचं, "मी जनऔषधीतूनच घेणार आहे" म्हटलं की बहुतेकांना पटतं.

काही औषधं मात्र बदलायच्या यादीत धरायचीच नाहीत, किंवा डॉक्टरांनी स्वतः सुचवलं तरच. थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि अॅसिट्रोम, फिट्सची औषधं, हृदयाची डिगॉक्सिन, लिथियम, किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमससारखी औषधं. ह्यांचा डोस फार बारीक जुळवलेला असतो, कंपनी बदलली तरी फरक पडू शकतो. एकच ब्रँड धरून ठेवा. बदल झालाच तर थायरॉइडला सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी, वॉरफरिनला लवकर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासून घ्यावं लागतं.

मेडिकलमध्ये गेल्यावर

पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. बिलाशिवाय तक्रार उभीच राहत नाही. ज्येष्ठ नागरिकांचा आरोग्य विमा नसेल तर जुन्या करप्रणालीत ८० डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत औषधोपचाराचा खर्च ५० हजारांपर्यंत दाखवता येतो, पण रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत, त्यामुळे यूपीआयने किंवा कार्डाने द्या.

पाच दिवसांचं औषध असेल तर दहाची स्ट्रिप घ्यायची सक्ती नाही, आणि सुट्ट्या गोळ्यांचा भाव स्ट्रिपच्या छापील भावाच्या हिशोबानेच लागला पाहिजे. फक्त सुट्ट्या घेताना एक्सपायरी दिसेल असा तुकडा मागा. नवीन औषध सुरू झालं की महिन्याभराचं एकदम घेऊ नका, दहा-पंधरा दिवसांचं घ्या, सोसलं नाही तर पैसे वाया जात नाहीत.

दवाखान्याला जोडून असलेल्या मेडिकलमधूनच घ्या असं कोणी म्हणत असेल तर ते बंधनकारक नाही. औषध कुठून घ्यायचं ते ठरवायचा हक्क पेशंटच्या हक्कांच्या सनदेत आहे.

बदलल्यानंतर

पहिला महिना बीपी आणि शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा आणि तारखेसकट लिहा. एका वेळी एकच औषध बदला, म्हणजे काही जाणवलं तर कशामुळे ते कळेल. शुगरची गोळी बदलली असेल तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, करा. जुन्या ब्रँडच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून काढून टाका, हे फार महत्त्वाचं आहे, कारण गोळीचा रंग-आकार बदलला की आजी-आजोबा जुनी आणि नवी दोन्ही घेतात आणि डोस दुप्पट होतो. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात "बीपी सकाळ", "शुगर जेवणाआधी" असं लिहून चिकटवा.

तरीही खर्च जास्त वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शहरात असाल तर पालिकेचा दवाखाना बघा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, बीपी-शुगरच्या मुख्य गोळ्या तिथे मिळतात. कधी साठा संपलेला असतो, रांग असते, हे खरं आहे, म्हणून आधी एकदा जाऊन काय-काय नियमित मिळतं ते विचारून या, तेवढी औषधं तिथून आणि बाकीची जनऔषधीतून असं केलं तरी फरक पडतो.

एमआरपीपेक्षा किंवा कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर एनपीपीएच्या १८०० १११ २५५ ह्या टोल फ्री नंबरवर किंवा त्यांच्या 'फार्मा जन समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते. औषधाच्या दर्जाबद्दल, बिल न देण्याबद्दल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा, नंबर १८०० २२२ ३६५. तक्रार करताना बिलाचा आणि स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो, बॅच नंबर दिसेल असा, जवळ ठेवा.